प्रोसेसर गेला म्हणे

माझं नाव बकाराम. अर्जुनी मोरगावात चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. दोन वर्षांपासून ते बंद आहे. रेडिओ आता कोणी आणत नाही, पण कंप्युटर आणतील की! म्हणून अडुसष्टाव्या वर्षी सुटे भाग मागवून घरीच एक कंप्युटर जोडला. जोडला, पण चालू झाला नाही. पंखा फिरे, दिवा लागे, मॉनिटर मात्र काळा.

माझा पोरगा धर्मेंद्र नागपूरले राहते. त्याच्याशी बोलणं ठरलं होतं. रविवारपर्यंत कंप्युटर चालला तर मी दुकान उघडायचं, नाही चालला तर दुकान विकून त्याच्याकडे राहायले जायचं. "बाबा, तुमची नजर गेली, हात कापतात," असं तो म्हणे. कापतात ना, चहा पिताना! काम करताना कापत नाहीत, हे त्याले कोण सांगेल?

शनिवारी त्यानं फोनवरच रोग ओळखला. "प्रोसेसर गेला, बाबा. सोडा आता."

"काऊन सोडू? तू पाहिला का?"

"तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला ना."

फोटो पाहून मशीन मेली म्हणते लेकाचा! मी मल्टिमीटर काढला. पॉवर सप्लाय तपासला, बारा व्होल्ट बरोबर. रॅम काढली, पुसली, दुसऱ्या खाचेत लावली. काहीच नाही. मॉनिटर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे नेला, तिथं झकास चालला. मंग उरलं काय? बोर्ड, नाहीतर प्रोसेसर. ज्याच्याकडून माल घेतला त्या गोंदियाच्या इंद्रकुमारले फोन लावला. भला माणूस. म्हणाला, "काका, टेन्शन मत लो. प्रोसेसर का पीस खराब होगा. भेज दो, बदल देंगे."

बस्स, जिंकलो! पीस खराब, माणूस नाही. धर्मेंद्रले सांगितलं तर तोही नरमला. "असं असेल तर तुमची काय चूक? उघडा मग दुकान," म्हणाला.

पाठवायसाठी प्रोसेसर काढला अन् उलटा केला. भिंग लावल्याशिवाय कोणताच पार्ट हातचा सोडायचा नाही, ही माझी जुनी सवय. खाली हजाराच्या वर बारीक पाय, सारे रांगेत उभे. अन् कोपऱ्याजवळ एक वाकलेला, शेजारच्याले टेकलेला.

डबा तर सीलबंद आला होता. बसवताना खाचेच्या बाजूची, प्रोसेसर अडकवायची दांडी पुरी न उचलता मीच दाबलं होतं. दाबताना कट्‌ झालेलं ऐकलं होतं अन् कानाआड केलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

समोर पाकीट तयार होतं. तसाच पाठवला असता तर मी सुटलो असतो. पण इंद्रकुमारच्या मालावर माझं पाप कायले ढकलू? चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाले खोटा फॉल्ट सांगितला नाही मी.

इंजेक्शनची पोकळ सुई घेतली, टोक घासून सपाट केलेली. बोर्डावरचे पार्ट सोडवायले आम्ही मेकॅनिक तीच वापरतो. ती वाकलेल्या पायावर चढवली, श्वास धरला, केसभर, केसभर करत सरळ केला. तुटला असता तर खेळ खलास होता. पण हात कापला नाही. कापलाच नाही!

बसवला, बटण दाबलं. मॉनिटरवर अक्षरं आली अन् मी घरात एकटाच ओरडलो, "आला रे आला!"

आधी इंद्रकुमारले फोन केला. "तुझा माल चोख आहे, चूक माझी." मंग धर्मेंद्रले. काहीच लपवलं नाही.

तो म्हणाला, "पाहा, मी म्हणत होतो तेच झालं. तुमच्याच हातानं बिघडलं."

"हो, माझ्याच हातानं बिघडलं. तू म्हणला सोडा, दुकानदार म्हणला बदला. फॉल्ट शोधला कोणी? सुधरवला कोणी?"

"मग उद्याचं काय, बाबा?" त्यानं विचारलं.

"उद्या मले न्यायले गाडी घेऊन येणार होता ना?" मी म्हटलं. "ये, जेवून जा. गाडी रिकामीच जाईल. मी दुकान उघडून राहिलो."