सरांनी दिलेली हवा

सांडपाण्याच्या गाळातून निवडून, दोन वर्षं जिवापाड जपून बाईंनी ते बॅक्टेरिया वाढवले होते. औषधांच्या कारखान्याच्या पाण्यात उरलेलं वेदनाशामक ते खाऊन संपवत, तेही ऑक्सिजनशिवाय. ऑक्सिजनचा स्पर्श झाला की मरत. म्हणून बाटल्यांना घट्ट बुचं होती आणि वर ठळक लिहिलं होतं, 'उघडू नये'.

आज कारखान्याचे लोक बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं, तर नदीत सुटणारं पाणी आधी या बॅक्टेरियांच्या टाकीतून गेलं असतं. बाई प्रयोगशाळेत शिरल्या, तर सगळी बुचं ओट्यावर पडलेली आणि प्रत्येक बाटलीत एक नळी बुडबुडे सोडत होती. संस्थेच्या संचालकांनी स्वतःच्या केबिनमधल्या माशांच्या टाकीचा पंप आणून जोडला होता.

"काय कुबट वास येत होता, मॅडम! बिचारे गुदमरले होते. मी जरा हवा दिली. आभार नंतर माना."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण आभार लांबवणं बरं दिसलं नसतं. त्या तडक केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी सरांचा लाडका मासा जाळीनं पाण्याबाहेर उचलला.

मागोमाग आलेले सर ओरडले, "अहो, काय करताय? मरेल तो!"

"मरेल कशानं, सर? हवाच देतेय."

सर पांढरेफटक पडले, तशी बाईंनी जाळी पाण्यात उलटी केली. मासा शेपटी हलवत निघून गेला.

"तुमचा वाचला," त्या म्हणाल्या. "खाली गाडी आलीय. पाहुण्यांना बाटल्यांतली माझी मढी तुम्हीच दाखवा."