वाटीच्या मागची बाजू

वितळलेल्या बर्फाची पिशवी.

तीन महिन्यांनी संघनिवड.

निळा सुती पायजमा. हुक नाही, चेन नाही, कमरेला नुसती नाडी.

अर्जातला अकरावा प्रश्न: अंगावर किंवा शरीरात काही धातू आहे का?

दोन आठवडे धड न वाकलेला डावा गुडघा.

आता हे सगळं एका बाकावर बसवू. बाक एमआरआय तपासणी केंद्राच्या तळघरातला. गुडघा एका गोलकीपर मुलीचा. सामन्यात झेप घेताना वाटी बाहेरच्या बाजूला सरकली आणि आपली आपण जागेवर आली. पायजमा तिच्या वडिलांनी शिवलेला. ते शिंपी, म्हणून सगळ्यांचे मास्तर.

"परत आली ना जागेवर? मग आता कसली तपासणी?"

"पप्पा, शंभर वेळा सांगितलं. जाता-येता ती हाडावर आपटते. मागची कूर्चा सोललीय का, ते बघायचंय."

"एक्स-रे काढला की."

"त्यात हाड दिसतं. कूर्चा नाही दिसत."

"म्हणजे कापड दिसतं, अस्तर नाही."

"हं. आणि अस्तराचा तुकडा सुटून आत फिरत असेल, तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हणजे सहा महिने घरी. निवड गेलीच म्हणायची. हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांनी विषय बदलला.

"नाडी काचत नाही ना?"

तंत्रज्ञ बाई आल्या. "इथला गाऊन देते."

"कशाला?" मास्तर उठलेच. "आत लोखंड चालत नाही म्हणालात, म्हणून खास शिवलाय. बटणसुद्धा लावलं नाही!"

बाईंनी मान डोलावली आणि धातू शोधायची पट्टी मुलीच्या अंगावरून फिरवली. कमर: शांत. मांडी: शांत. डाव्या पायाची खालची दुमड:

पीं!

"पायात खिळा, स्क्रू काही बसवलंय?"

"नाही हो!"

मास्तर जमिनीकडे बघत होते.

"पप्पा."

"गिऱ्हाइकाने घालून दाखवल्याशिवाय मी शेवटची गाठ मारत नाही. सुई तशीच दुमडीत ठेवतो. चाळीस वर्षांची सवय."

"मी गिऱ्हाईक?"

"तू घालून दाखवलास कुठे? थेट गाडीत जाऊन बसलीस!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "मास्तर, यंत्राने ही सुई खेचली असती. पायाला इजा झाली असती, चित्रंही बिघडली असती." मास्तरांचा चेहरा पांढराफटक. मुलीने सुई काढून त्यांच्या हातात दिली आणि गाऊन घालून आली. मास्तरांनी गाऊनची शिवण चिमटीत धरून पाहिली.

"हे टाके आहेत की उड्या?"

"पप्पा, बाहेर!"

गुडघा प्लास्टिकच्या पिंजऱ्यात. कानात बोळे.

ठक ठक ठक ठक.

हलू नका.

घर्रर्र.

पंचवीस मिनिटं. गोलकीपरला.

ठक.

मग डॉक्टरांची खोली, एक पडदा, तीन खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या तिच्या कुबड्या. पाव कापावा तसे गुडघ्याचे पातळ काप एकामागून एक सरकत होते.

"पांढरं चमकतंय ते पाणी. हा करडा पट्टा म्हणजे कूर्चा."

डॉक्टर एका कापावर थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे.

"इथे खरचटलंय. वाटीच्या मागे, आतल्या कडेला. वाटी जिथे आपटली, त्या हाडाला मुका मार आहे. बाजूचा बंध थोडा फाटलाय."

"आणि तुकडा?" मुलीने विचारलं.

"तोच शोधतोय."

काप सरकत राहिले. मास्तरांनी तिचं मनगट घट्ट धरलं. तिला ते दुखलं, पण तिने हात सोडवला नाही.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "सुटा तुकडा कुठेच नाही. शेवटचं तुमचे हाडांचे डॉक्टर सांगतील, पण मला तरी ऑपरेशनचं कारण दिसत नाही. गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि व्यायाम."

"तीन महिन्यांनी निवड आहे."

"मग आजपासूनच मांडीचे व्यायाम सुरू करा. मनापासून केलेत तर जमू शकेल."

मुलगी कुबड्या विसरून उठायला गेली. दोघांनी एकदम ओरडून तिला खाली बसवलं. तिघंही हसत सुटली.

ज्या चेंडूवर वाटी सरकली, तो तिने अडवला होता.