एका फुंकरीत विझलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे, मित्रांनो. काच तडकलेली, पत्रा गंजलेला, आणि पोटात घासलेटाऐवजी कोळ्याचं जाळं! बिचारा वाटतो ना? थांबा, इतक्यात माझी कीव करू नका. आधी माझ्या मनात काय सलतं ते ऐका.

ज्या साली जानराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याच हिवाळ्यात त्यांनी मला अकोल्याच्या बाजारातून आणलं. दर्यापूरजवळच्या आमच्या गावापर्यंत मी त्यांच्या मांडीवर बसून आलो, पाहुण्यासारखा! "हा दिवा चुलीपाशी न्यायचा नाई. हा पोरीच्या पुस्तकाचा हाये," असं त्यांनी केशरबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, दारातच बजावलं. पोरगी म्हणजे जयवंता. तेव्हा ती पाटीवर 'अ' गिरवायची आणि माझ्या काचेत बघून स्वतःलाच जीभ दाखवायची.

ती आठवीत गेली आणि तिने शेजारच्या गंगूबाईंच्या मागे लागून त्यांच्या कोंबड्या अर्धेलीनं घेतल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. कोंबडी एकाची, पाळायची दुसऱ्यानं, अंडी निम्मी निम्मी. गंगूबाई एकट्या होत्या. दिवसभर भाजीच्या मळ्यात राबायच्या, आणि सोबतीला फक्त शेरू कुत्रा. "पोरी, कोंबडी म्हंजे खेळणं नोहे," त्या म्हणाल्या. "मले जमते, गंगूमाय! पाहाच तुमी!" जयवंताची मान तेव्हा केवढी ताठ होती!

पण थंडी पडली, दिवस लहान झाले आणि अंडी बंद. गंगूबाई रिकामी टोपली उलटी करून झटकायच्या आणि घरी न्यायच्या, आणि तेच जयवंताला जास्त लागायचं. तेवढ्यात शाळेत ग्रामसेवक आले. त्यांनी सांगितलं की कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. सूर्य लवकर बुडत असेल तर संध्याकाळी खुराड्यात दिवा ठेवा. झालं! जयवंता घरी आली ती थेट माझ्यावर झेप घालूनच.

"काहून व? पुस्तकाचा दिवा कोंबड्यांइले?" केशरबाई ओरडल्या.

"पुस्तक बी तिथंच नेतो नं, माय!"

आणि खरंच नेलं. घरामागच्या कुडाच्या खुराड्यात एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा होती, आणि वर कोंबड्यांना झोपायला एक आडवी दांडी. मला एका विटेवर ठेवून ती तिथे अभ्यास करायची. काबरी कोंबडी तर भूगोलाच्या पुस्तकावरच ठाण मांडायची आणि जयवंता म्हणायची, "ऊठ व, तू गोदावरीवर बसली!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. थोड्याच दिवसांत अंडी सुरू झाली. अख्ख्या आळीत माझं नाव झालं. मला वाटायला लागलं, सूर्याचं काम आता मीच करतो!

गंगूबाईंनी मात्र एक गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगितली होती. "दिवा फुकू नोको. वात हळूहळू लहान करत जाय. अंधार पडून राहिला हे कोंबडीले समजलं पाह्यजे, मंग ते आपसूक दांडीवर चढून बसते. एकदम अंधार केला तर तिले काई दिसत नाई. खालीच राह्यते बिचारी."

जयवंता रोज तसंच करायची. त्या दिवशीही केलं असतं. पण कुडाबाहेरून तिची मैत्रीण सुभद्रा ओरडली, "जयी, पंचायतीचा रेडिओ लागला व! चाल लवकर, गानं सुरू झालं!"

जयवंतानं माझी काच वर उचलली आणि फू!

इथे माझा गुन्हा आहे. एरवी मी हट्टी. वात वाकडी, काच काजळलेली. दोन-तीन फुंकरा मारल्याशिवाय विझायचो नाही. पण त्याच सकाळी तिनं माझी वात कापून काच लखलखीत पुसली होती, आणि मी तिच्या लाडात एवढा खूष होतो की पहिल्याच फुंकरीला विझलो. जरा भपकलो असतो, जरा धूर केला असता, तर तिला आठवण झाली असती. नाही केला.

कोंबड्या खालीच होत्या. बाहेर गारठा, आत काळोख, आणि तेवढी माझी काच गरम. त्या चाचपडत माझ्याभोवती आल्या, उबेसाठी एकमेकींवर चढल्या. सगळ्यात आधी काबरी आली होती. म्हणून ती सगळ्यात खाली होती.

सकाळी जयवंतानं दार उघडलं. काबरी हलत नव्हती. जयवंता नुसती बघत उभी राहिली, आणि तेवढ्यात शेरू तिच्या पायांतून आत घुसला आणि काबरीला तोंडात धरून अंगणातून पळाला. सगळ्यांनी तेच पाहिलं.

"अवो गंगूबाई! तुमच्या शेरूनं कोंबडी मारली!" केशरबाईंनी हाक दिली.

जयवंता तोंड उघडेल म्हणून मी वाट बघितली. तिनं ओठ घट्ट मिटले.

कोंबडीची चटक लागलेलं कुत्रं गावात ठेवत नाहीत. दुपारी गावातल्या नत्थुजींची बैलबंडी कापूस घेऊन दर्यापूरला निघाली, आणि गंगूबाईंनी शेरूला दोरीनं तिच्या मागे बांधलं. बांधताना त्या त्याच्याच कानात बोलत होत्या, "काहून केलं रे असं? आता मळ्यात मी कोनासंग बोलू?" शेरू आपली शेपटी हलवत होता. त्याला वाटत होतं, फिरायला चाललोय!

जयवंता ओट्यावर माझी काच पुसत बसली होती. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होती. बंडीची चाकं वाजली, आणि ती मला हातात घेऊनच धावत सुटली.

"काय व माय, दिवसा कंदील!" नत्थुजी हसले. "सूर्य हरपला काय?"

जयवंताला हसू आलं नाही. "शेरूले सोडा! त्यानं नाई मारली. ते आधीच मेली होती. म्या दिवा फुकला, गंगूमाय. रेडिओ ऐकाले गेलो अन् एकदम फुकला."

बैल थांबले. गंगूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मी नालीत जाणार. त्यांनी दोरी सोडली, शेरूला जवळ ओढलं आणि एवढंच म्हणाल्या, "कोंबडी गेली त्याचं मले वाईट वाटलं. पन तू सकाळपासून गप बसली, हे त्याहून वाईट."

त्या दिवसापासून अंधार पडला की गंगूबाई शेरूला घेऊन खुराड्यापाशी येऊन बसायच्या. जयवंता माझी वात लहान, आणखी लहान करत जायची. शेवटची कोंबडी दांडीवर चढली की त्या उठायच्या. हिवाळा संपता संपता एका संध्याकाळी त्या आल्याच नाहीत; त्यांच्या ओट्यावरून शेरूशी बोलण्याचा आवाज तेवढा येत होता. जयवंता वाट बघत राहिली, मग तिनं एकटीनंच वात लहान केली आणि अंधारात रडली. मला वाटतं, आनंदानं; गंगूमायचा भरवसा परत मिळाला होता.

पुढे जयवंता भातकुलीला शिक्षिका झाली. गावात वीज आली, खुराड्यात बल्ब लागला, आणि मी तिथेच कोपऱ्यातल्या खिळ्याला टांगलेला आहे. नवी मुलं घाईत असतात. खट्! बटण बंद, अंधार. त्या आवाजानं माझा गंजका पत्रासुद्धा शहारतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. दिवा कुठलाही असो, विझवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. तुमच्या उजेडाच्या भरवशावर कोणीतरी अजून जमिनीवरच उभं असेल. त्याला दांडीपर्यंत पोचू द्या.