उघडी बाटली

“सावकाश होऊ द्या मामा, घाई नाही,” लॅबवाला दाराबाहेरून म्हणाला.

“मला आहे हो घाई,” मामा आतून म्हणाले. “पण ज्याला असायला हवी त्याला नाही, त्याला मी काय करू?”

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, दाराशी दुसरा माणूस कान लावून उभा असताना, हुकमाबरोबर लघवी होत नाही. नियम करणाऱ्यांच्या हे कधी ध्यानात आलेलं दिसत नाही. नळाची धार ऐकून काही जमतंय का बघावं, तर नमुन्यात पाणी मिसळू नये म्हणून नळावरही चिकटपट्टी मारलेली. मामा भिंतीकडे बघत उभे राहिले. शेवटी एकदाचं काम झालं.

मामा अग्निशमन दलात बंबाचे ड्रायव्हर. खरं तर स्टेशनात ते कोणाचेच मामा नव्हते. वयाने सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांची उठाठेव करणारे, म्हणून हे नाव पडलं आणि पगाराच्या कागदाखेरीज सगळीकडे तेच चाललं. चहा सोडला तर या माणसाला कसलं व्यसन नव्हतं. नशेची तपासणी करायला लॅबवाला अधूनमधून न सांगता यायचा, ज्याची पाळी लागेल त्याचा नमुना न्यायचा. आज मामांची पाळी लागली, तेव्हा स्टेशनात सगळ्यांना हसूच आलं होतं.

“फुकट जाणार आज तुमची फेरी,” मामांनी डबी टेबलावर ठेवली.

“तुमच्यासारखे असले की बरं वाटतं,” लॅबवाला म्हणाला. त्याने नमुना दोन बाटल्यांत ओतला. एक तपासायची आणि दुसरी जपून ठेवायची. पहिलीचा निकाल पटला नाही, तर माणसाला ती दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेता येते. तसा हक्कच आहे. पण दोन्ही बाटल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सील व्हायला हव्यात, आणि सीलवर त्याची सही हवी. लॅबवाला पिशवीत सीलच्या पट्ट्या शोधू लागला.

तेवढ्यात घंटा वाजली.

तपासणी होईपर्यंत मामांचं नाव गाडीवरून काढून बदली ड्रायव्हरचं लावलेलं होतं. हे मामांना माहीत होतं, मघाशी त्यांनीच त्याला गाडी सोपवली होती. पण माहीत असतं ते डोक्याला. घंटा वाजली की मामांचे पाय डोक्याला विचारत बसत नसत. दलात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की घास हातात असेल तर ताटात टाका, साबण अंगावर असेल तर तसेच या. मामा तर एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी पळाले होते आणि दुपारभर तसेच आग विझवत होते.

“मामा! अहो मामा, सील राहिलं!”

“आलोच!” मामा व्हरांड्यातून ओरडले.

गाडीजवळ सगळ्यांचे बूट ओळीने उभे असायचे. टोकं गाडीकडे, आणि प्रत्येक जोडीवर पँट गोळा करून बसवलेली. म्हणजे पाय घातला की बूटही चढतो आणि पँटही. मामांनी पाय घातले, वर ओढलं, स्टिअरिंगवर जाऊन बसले. बदली ड्रायव्हर धावत आला, मामांना तिथे बघून घुटमळला आणि शेजारच्या जागेवर चढला. मामांना ऊठ म्हणायची त्याची काय छाती होती!

एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून धूर येत होता. हे लोक जिना चढून वर पोचेपर्यंत शेजारणीने गॅस बंद करून भांडं नळाखाली धरलं होतं. भांडं पार काळंठिक्कर. घरातली बाई फोनवर बोलत बसली आणि शेगडीवरचं विसरली, एवढीच भानगड. ती बिचारी शरमेने अर्धी झाली होती. ज्याला त्याला पाणी विचारत होती.

“ताई, मीठ तेवढं कमी पडलंय,” पाइप खांद्यावर घेतलेला लंबू म्हणाला. लंबू मामांचा जुना जोडीदार आणि संघटनेचा पुढारी. बाईसुद्धा हसली. परत येताना मामांनी गाडी अगदी रमत गमत आणली.

स्टेशनच्या दारात साहेब उभे होते. त्यांच्यामागे लॅबवाला, खांद्याला पिशवी अडकवून.

“मी थांबलो हो मामा,” तो रडवेला होऊन म्हणाला. “पण उघडी बाटली समोर ठेवून किती थांबणार? मला वर कळवावंच लागलं. नकार म्हणून.”

“नकार कसला? दिली की बाटली भरून! अजून हवी तर आत्ता घ्या, आता तांब्याभर होईल.”

“आता नाही चालत मामा. मधल्या वेळात माणूस काहीबाही पिऊन नमुना साफ करू शकतो.”

“मी? मी काय प्यालो? धूर?”

साहेब जमिनीकडे बघत होते. तेव्हा कुठे मामांना नियम आठवला.

बाटल्या सील व्हायच्या आत जागा सोडली तर तो नकार, आणि नकार म्हणजे नशा केलेली आहे असंच धरायचं. दलात हा नियम सगळ्यांना पाठ होता. पाठ असणारच, कारण तो त्यांनीच मागून घेतला होता. पूर्वी एका ड्रायव्हरने नशेत बंब उलटवला आणि मागे बसलेला एक हसरा, लग्नाला वर्षही न झालेला जवान चाकाखाली गेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मामा होते. त्यानंतर तपासणी आली. साहेबलोक बाटल्या बदलून नको त्याला अडकवतील, ही भीतीही तिच्याबरोबर आली. तेव्हा सभेत मामाच उठून बोलले होते. “तपासा, खुशाल तपासा. पण बाटली आमच्या डोळ्यांदेखत बंद करा. आणि जो बाटली टाकून पळेल, त्याला दयामाया दाखवू नका.” टाळ्या पडल्या होत्या.

चौकशीला वरचे साहेब आले. लंबू मामांच्या बाजूने बसला.

“गाडीवर जायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“घंटा वाजली साहेब.”

“तुमचं नाव होतं गाडीवर?”

“नव्हतं.”

“मग?”

“नाव बघून कधी पळालो नाही साहेब. तशी सवयच नाही.”

“आग कसली होती?”

लंबूने मान खाली घातली.

“भांडं करपलं होतं,” मामा म्हणाले.

वरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी एखादं मूल काखेत घालून खाली आणलं असतं, तर त्याची आई रडत इथे आली असती, पेपरात फोटो आला असता, नियमालाही थोडी लाज वाटली असती. पण करपलेल्या भांड्याचा फोटो कोण छापतो? एवढी वर्षं धूर खाल्लेल्या माणसाच्या बाजूने बोलायला एक भांडं होतं, आणि तेही त्या बाईने कधीच फेकून दिलं असेल.

“त्याचा हक्क आहे साहेब,” लंबू तावातावाने म्हणाला. “दुसरी बाटली तपासून घ्यायचा हक्क आहे त्याचा!”

“आहे ना. सील केलेल्या बाटलीवर आहे. उघडी बाटली कोणाची, हे कोण सांगणार? हा मुद्दा तुमच्याच संघटनेचा आहे, मी नवीन काही सांगत नाही.”

लॅबवाला आला त्याच दिवशी संध्याकाळी मामांनी स्वतः जाऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं होतं. त्यात काही सापडलं नाही. वरच्या साहेबांनी तो कागद नीट वाचला आणि नीट घडी घालून परत दिला.

बाहेर व्हरांड्यात स्टेशनच्या साहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, तुम्ही कशाला शिवत नाही हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण तुम्हाला सोडलं, तर उद्या खरोखर नशा करून आलेला माणूस घंटेची वाट बघत बसेल आणि बाटली टाकून पळेल. त्याला मी काय सांगू?”

मामांनी बराच विचार केला. त्या हसऱ्या पोराचा चेहरा त्यांना आठवला.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले.

साहेब दुष्ट असते तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मामांना कामावरून काढलं. लंबूने वर अर्ज केला, तो जसा गेला तसा परत आला. कपडे आणि बूट जमा करायला मामा स्टेशनात गेले, तेव्हा जो तो एकदम कामात होता. कोणाला कसली गाठ घट्ट करायची होती, तर कोण पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता. बदली ड्रायव्हर तेवढा पुढे आला. “मामा, मी त्या दिवशी तुम्हाला खाली उतरवायला हवं होतं,” तो म्हणाला. “तू काय उतरवणार मला?” मामा म्हणाले, आणि त्यांनी बूट त्याच्या हातात दिले.

ते अंगणात आले आणि घंटा वाजली. धाडधाड पावलं वाजली, दारं आपटली. मामांनी भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी आपल्या मांड्या गच्च दाबून धरल्या. बंब त्यांच्या पुढून गेला. आवाज पार मिटेपर्यंत त्यांनी हात सोडले नाहीत.

घरी बातमी त्यांच्या आधीच पोचलेली होती, आणि बातमी वाटेत वाढते. कामावरून काढलं, नशेच्या तपासणीत. एवढंच सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. बंद बाटली आणि उघडी बाटली यातला फरक ऐकून घ्यायला कोणाला वेळ आहे? मुलीच्या कंपासपेटीवर लहानपणापासून बंबाचं चित्र चिकटवलेलं होतं. ती शाळेतून आली, तेव्हा तिथे खरवडल्याच्या रेघा होत्या. मामांनी ते बघितलं, हे तिने बघितलं, आणि ती मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिली.

बायको पोळ्या लाटत होती. मामा तिच्यामागे स्टुलावर बसले.

“एवढं एक मिनिट थांबला असतात,” ती म्हणाली. “दुसरा ड्रायव्हर होता ना?”

“होता.”

“मग का उठलात हो?”

“काय सांगू तुला? उठलो ते मला गाडीत बसल्यावर कळलं.”

पुढची पोळी लाटून झाली तरी तिने ती तव्यावर टाकली नाही. पाठ फिरवलेलीच होती.

“एक विचारू? रागावू नका. त्या महिन्यात तुमची कंबर फार दुखत होती. कोणी काही दिलं नव्हतं ना... गोळी वगैरे? मला सांगा. मी कोणाला बोलणार नाही.”

लोकांनी विचारलं ते मामांनी सोसलं होतं, हे त्यांना सोसवलं नाही. एवढ्या संसारात कधी खोटं बोलण्याची वेळ आली नव्हती, आणि आता नाही म्हटलं तरी तिच्या मनात ते अर्धंच पोचणार, हे त्यांना लख्ख दिसलं. रक्ताचा कागद तर कोणीच मानला नव्हता; खरं दाखवायला जी एक वस्तू होती, ती ते टेबलावर उघडी टाकून आले होते.

“नाही,” ते शेवटी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली. पोळी तव्यावर पडली.

मामांच्या चपला घरातसुद्धा नेहमी टोकं दाराकडे करून असायच्या. बाहेरून आले की वळून, एकेक पाय मागे घेऊन त्या काढायच्या. त्यावरून ती लग्न झाल्यापासून त्यांची चेष्टा करत आली होती. “पाहुण्यासारखे नेहमी जायच्या तयारीत! आमच्यात राहायचं आहे ना तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला त्यांच्या चपला दिसल्या. चारचौघांच्या असतात तशा, टोकं भिंतीकडे, एक दुसरीवर चढलेली. ती केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. मग वाकली, पदराने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि दोन्ही चपला शेजारी शेजारी लावून ठेवल्या, टोकं दाराकडे.

संध्याकाळी ती बाजारातून आली. मामा आत खिडकीशी बसले होते. चपला जिथे ठेवल्या होत्या तिथेच होत्या, नीट शेजारी शेजारी. फक्त कोणीतरी त्या उचलून, फिरवून, पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या.