खिडकीकडे निघालेली खुर्ची

मी एक जुनी डुलती खुर्ची आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात कण्हत बसलेली खुर्ची आली असेल, तर मित्रांनो, ती आधी पुसून टाका. मी साठी ओलांडली आहे, पण या घरात माझ्याइतकं हिंडणारं कोणी नाही. हो, हिंडणारं! इतर खुर्च्या ठेवल्या तिथे राहतात. मी चालते. ही माझी जन्मखोड आहे आणि तिच्यापायी मी एकदा चांगलीच गोत्यात आले होते.

आमच्या कुळात पहिली खुर्ची कोणी केली, हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणतात, फार पूर्वी कोणीतरी पाळण्याखालच्या कमानी पाहिल्या आणि तशाच साध्या खुर्चीच्या पायांना ठोकून दिल्या. बाळाला झोके मिळतात, मग आईनं काय घोडं मारलंय? तेव्हापासून आमचं कुळ वाढत गेलं. कोणी वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, कोणी वेताची, कोणी जाडजूड फळ्यांची. पण गुण सगळ्यांचा एकच. आमच्यात बसलं की रागावलेला माणूस दहा झोक्यांत निवळतो. डुलता डुलता भांडणं फार अवघड जातं, करून बघा.

मला एका सुताराने घडवलं. त्याचा हात दारं आणि टेबलं करण्यात बसलेला होता, डुलती खुर्ची मात्र त्याने पहिल्यांदाच करायला घेतली. माझी उजवी कमान त्याने सकाळी ताज्या डोक्याने कापली. मग तो पोटभर जेवला, आणि डावी कमान पेंगत पेंगत कापली. झालं! डावी कमान मध्यावर केसभर चपटी राहिली. त्यामुळे प्रत्येक झोक्याला मला एक बारीक हिसका बसतो आणि मी किंचित पुढे सरकते.

मला घरी आणलं ते नेमकं एका घड्याळजीने. ज्याला अर्ध्या मिनिटाचाही फरक खपत नसे, त्याच्या नशिबी मी आले! त्याच्या बायकोला बाळ होणार होतं, म्हणून त्याने मला मुद्दाम करून घेतलं होतं. ती कपाटापाशी डुलायला बसली आणि थोड्या वेळाने पाहते तो खोलीच्या मध्यावर. घड्याळजीने तडक सुताराला बोलावलं.

सुतार म्हणाला, "तुमची फरशीच वाकडी असणार."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं!" घड्याळजी म्हणाला. "घेऊन जा परत."

"अहो, असू दे की," त्याची बायको माझे हात घट्ट धरून म्हणाली. "बसल्या बसल्या खिडकीत पोचते मी. उठायचे कष्ट वाचतात."

आणि मी राहिले.

या खोलीत काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. कपाटापासून खिडकीपर्यंत बरोबर नऊ. आईच्या मांडीवर डुलता डुलता थोरला मुलगा चौथ्या फरशीवर झोपायचा. धाकटी मात्र भारी चिवट. ती नवव्या फरशीवर, म्हणजे खिडकीला नाक लागल्यावरच डोळे मिटायची. ज्या घड्याळजीने मला परत पाठवायला काढलं होतं, तोच आता पाहुण्यांना सांगे, "आमच्या खुर्चीला किल्ली द्यावी लागत नाही, पण ती वेळेवर पोचते." रोज सकाळी तो मला उचलून पुन्हा कपाटापाशी ठेवायचा. ते दिवस आठवले की माझा वेत अजून फुलून येतो.

धाकटी मोठी झाली, तिला लेक झाली आणि मला दुसऱ्यांदा काम मिळालं. ही लेक तर माझ्यावर फिदा होती. तिने मला चक्क बस केलं. हातात पत्र्याचं झाकण धरायची, पाठीमागे बाहुल्या ओळीने बसवायची, "चला, पुढे सरका!" म्हणून ओरडायची आणि खिडकी येईपर्यंत तोंडाने हॉर्न वाजवायची. तिच्या मैत्रिणींच्या खुर्च्या खोट्या खोट्या चालायच्या. मी खरीच चालायचे! पुढे ती खरोखरची बस चालवू लागली, यात थोडासा हात माझाही आहे. असं मी तरी मानते.

पण मित्रांनो, सगळे दिवस सारखे नसतात. घरात मऊ गाद्यांचा सोफा आला आणि मी मागच्या गॅलरीत गेले. तिथे माझ्यावर कोणी बसत नसे, कपडे बसत. इस्त्रीला द्यायचे, इस्त्री करायचे राहिलेले आणि नक्की कशाचे ते कोणालाच माहीत नसलेले. माझा वेत फाटला, पॉलिश उडालं. वर्षानुवर्षं मी एका पायजम्याला पाठ देऊन उभी होते. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पायजम्याचं नव्हे, माझं.

मग लेकीला मुलगी झाली. गोड, गुबगुबीत, आणि झोपेशी सात जन्मांचं वैर! चार महिने झाले तरी सलग तासभर झोपेल तर शपथ. घरादाराच्या नाकी नऊ आले. जावई तिला खांद्यावर घेऊन इतक्या फेऱ्या मारायचा की त्याच्या चपला झिजल्या. आणि सोमवारी लेक कामावर रुजू होणार होती.

"आई, माझे बसल्या बसल्या डोळे मिटतात गं," ती एक दिवस रडत म्हणाली. "चाळीस माणसं घेऊन मी बस कशी चालवू? सोडून देऊ का नोकरी?"

धाकटी तडक उठली. ती गॅलरीत आली आणि माझ्यावरचे कपडे भराभर खाली टाकू लागली.

"अहो आई, ते भंगारात द्यायचंय ना?" जावई म्हणाला.

"ही तुमच्या बायकोला झोपवायची," धाकटी म्हणाली. "हिला दुरुस्तीला न्या. शनिवारपर्यंत हवी म्हणावं."

दुरुस्तीवाले काका हाताचे फार चांगले. त्यांनी नवा वेत विणला, जुना रंग खरवडला, लाखेचं पॉलिश चढवलं. मग त्यांनी मला सपाट फळीवर ठेवून झोका दिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरेरे, डावीकडे झिजली बिचारी," म्हणत त्यांनी माझ्या चपट्या कमानीखाली पातळ पट्टी चिकटवली आणि घासून गुळगुळीत केली. मला तोंड असतं तर मी बोंबलले असते!

शनिवारी मी नव्या नवरीसारखी घरी आले. लेक बाळाला घेऊन माझ्यावर बसली. मी डुलले, जीव ओतून डुलले. बाळ रडतच राहिलं. धाकटीचा चेहरा पडला. जावयाने तर गॅलरीकडे एक नजर टाकलीसुद्धा. मित्रांनो, त्या अर्ध्या तासाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

एवढ्यात लेकीने खाली पाहिलं. ती अजून पहिल्याच काळ्या फरशीवर होती.

"आई! बस बंद पडलीये!" ती ओरडली. "ही हलतेय, पण चालत नाहीये!"

धाकटी खाली वाकली. कमानीखालची पट्टी दिसताच तिने कपाळावर हात मारला.

रविवारी दुपारी काका आले. सगळं ऐकून ते हसायला लागले. "ताई, तीस वर्षं लोक माझ्याकडे वाकडं सरळ करायला येतात. सरळ केलेलं वाकडं करायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" त्यांनी पटाशी घातली आणि पट्टी टचकन निघाली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

लेक पुन्हा बसली. एक झोका, एक हिसका. त्या हिसक्यात काय जादू आहे हे मलाही कळलेलं नाही. दुसऱ्या फरशीवर बाळ रडायचं थांबून विचारात पडलं. पाचव्या फरशीवर त्याने जांभई दिली. दारात धाकटी, जावई आणि काका बोटांवर फरश्या मोजत श्वास रोखून उभे होते. सातवी. आठवी. तिथे मी थांबले, कारण बाळाच्या आधी त्याची आईच गाढ झोपली होती. बाळ टक्क जागं! मग जावई चवड्यांवर पुढे आला आणि एका बोटाने मला हळूच झोके देत राहिला. नवव्या फरशीवर बाळाची मूठ उघडली आणि डोळे मिटले.

दोघी तीन तास झोपल्या. काका हत्यारांची पेटी कडेवर घेऊन, अनवाणी, पाय न वाजवता निघून गेले.

सोमवारी सकाळी धाकटी बाळाला घेऊन माझ्यावर बसली होती. आम्ही नुकत्याच खिडकीत पोचलो होतो. खालच्या वळणावर बस आली. तिथे प्रत्येक बस हॉर्न देते, पण ही बस नुसती हळू झाली, चालवणारीने वर पाहून हात हलवला आणि अजिबात आवाज न करता वळून गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी, कपड्यांखाली दबलेली अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला धुवा, पुसा, तिचा वेत विणून घ्या. पण तिची खोड काढायला जाण्याआधी तिच्याशी थोडं खेळा, कदाचित त्या खोडीतच तिची सगळी कमाल असेल. आणि कधी या घरी आलात, तर माझ्यावर जरूर बसा. फक्त उठताना, जिथे बसला होतात तिथेच चपला शोधू नका.