चौथ्या कुलुपाची किल्ली

फर्डिनंडला ती तीन सरकारी खाती नावानिशी कधी पाठ झालीच नाहीत. मग त्याने आपल्यापुरती सोय करून घेतली होती: हिरवी जीप, पांढरी जीप आणि स्कूटर. हिरव्या जीपमधून ज्ञानदा मॅडम यायच्या आणि दुर्बिणीतून पक्षी मोजायच्या. पांढऱ्या जीपमधून चंद्रहास साहेब यायचे आणि तळ्याचं पाणी बाटल्यांमध्ये भरून न्यायचे. स्कूटरवरून येणाऱ्या संकेतकडे मात्र फक्त एक फाईल असायची, ती तो उघडून बघायचा आणि परत बंद करायचा. तिघंही भली माणसं होती, तिघांनाही तळं वाचवायचं होतं. मग तळ्याला वास कसा यायला लागला, एवढंच फर्डिनंडला समजत नव्हतं.

तळं सांडोर गावाच्या पलीकडे, खाडीला लागून. मधे दगडमातीचा बांध, आणि बांधात एक जाड लाकडी दार. त्या दाराला गावात उघाडी म्हणायचे. खाडीला ओहोटी लागली की उघाडी उघडायची, म्हणजे तळाशी साचलेलं घाण पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत बंद करायची, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. काम एवढंच, पण वेळ चुकली तर तळं खारट, तळं खारट तर आसपासच्या सगळ्या विहिरी खारट, आणि मग केळी गेल्या, भाजी गेली, चर्चची विहीरही गेली. फर्डिनंडच्या आजाने हे काम केलं, बापाने केलं, आणि आता साठी ओलांडलेला फर्डिनंड करत होता.

घड्याळ त्याने या कामासाठी कधी वापरलं नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता. पुनवेला सव्वा अकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनवेची आणि अमावास्येची ओहोटी सगळ्यांत खोल, म्हणून उघाडी महिन्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाच-सहाला उघडायची. खिशात रोझरीची माळ आणि तोंडात तिथी, म्हणून लोक त्याची थट्टा करत. त्यावर तो म्हणायचा, "आपला ईस्टर कशावर ठरतो? चांदावरच ना? मग खाडीने काय घोडं मारलंय?"

नव्या इमारतींची गटारं तळ्यात येऊ लागली तेव्हा सरकार जागं झालं. तळ्याचं उद्यान करायचं, पाणी राखायचं, असं ठरलं. तिन्ही खात्यांची मिळून समन्वय समिती झाली. समन्वय म्हणजे काय, असं फर्डिनंडने संकेतला विचारलं, तर तो म्हणाला, "सगळ्यांनी मिळून करायचं, काका. कोणी एकट्याने काही करायचं नाही." आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मिळून उघाडीला तीन कुलुपं लावली. किल्ल्या तिघांकडे एकेक. तिघं हजर असल्याशिवाय दार उघडणार नाही. फर्डिनंडला उद्यानाचा राखणदार म्हणून एक टोपी मिळाली.

तेव्हापासून दोन महिने उघाडी उघडली नव्हती. हिरवी जीप आली की स्कूटर नसायची, स्कूटर आली की पांढरी जीप ठाण्याला मीटिंगला गेलेली. एकदा तिघंही आले, तर चंद्रहास साहेब किल्ली दुसऱ्या पँटीत विसरले होते. तळं हिरवंगार पडलं. मासे पोटं वर करून काठाला लागू लागले. फर्डिनंडची बायको लिडिया विहिरीचं पाणी ओंजळीत घ्यायची, नाकाशी न्यायची आणि काही न बोलता ओतून द्यायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

अखेर फेब्रुवारीत पत्र आलं. उद्यानाचा पहिला संयुक्त कार्यक्रम: उघाडी उघडणे. बुधवार, सत्तावीस फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा. फर्डिनंडचा जीव भांड्यात पडला. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं आणि त्याचं बोट तारखेवरच अडलं.

"काय झालं?" लिडियाने विचारलं.

"पुनव हाय त्या दिवशी. साडेअकराला पुरी भरती. दार उघडलं तर खाडी आत येल."

"मग सांगा ना त्यांना."

तो सांगायला गेला. चंद्रहास साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण वेळ मी एकटा कशी बदलणार? समन्वय आहे." ज्ञानदा मॅडमनी तर पाऊणपटीचा हिशेब वहीत लिहून घेतला, त्यांना तो फार आवडला. पण वेळ संकेतच्या कचेरीने ठरवली होती. संकेत म्हणाला, "काका, वेळ त्या दोघांना विचारून ठरवली. आणि संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलेलं असतं. तुम्ही असं करा, लेखी द्या. तीन प्रती."

त्याने तीन प्रती दिल्या. तिन्ही ठिकाणी शिक्का मारून पोच मिळाली. ते तीन कागद हातात घेऊन तो एस.टी. स्टँडवर उभा राहिला आणि त्याला कळेना, की आपलं काम झालं की नाही. तिघंही हो म्हणाले होते. कोणीच नाही म्हणालं नव्हतं. मग वेळ साडेअकराच कशी राहिली? इतकी वर्षं खाडीशी गाठ होती, पण ती कधी हो म्हणून उलटी वाहिली नव्हती.

सत्ताविसाच्या पहाटे त्याने बापाची लोखंडी पेटी उघडली. आत उघाडीचं जुनं कुलूप होतं, वीतभर लांब, गंजलेलं, पण तेल घातल्यावर फिरलं. ते त्याने सरकारी कुलुपांच्या शेजारी लावलं आणि किल्ली चड्डीच्या खिशात टाकली. पुढे काय बोलायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं. ठरवायला बसला असता तर हिंमतच झाली नसती.

साडेअकराला सगळे वेळेवर आले, हे त्यातल्या त्यात नवल. बांधाच्या पलीकडे खाडी दाराला छाती लावून उभी होती. तिघांनी आपापली कुलुपं काढली, टाळ्या झाल्या, आणि संकेतचं लक्ष चौथ्या कुलुपाकडे गेलं.

"हे कोणाचं?"

सगळ्यांनी फर्डिनंडकडे बघितलं. फर्डिनंडने खाडीकडे बघितलं.

"चौथ्या खात्याचं," तो म्हणाला.

कोणीतरी हसेल असं त्याला वाटलं. कोणी हसलं नाही. चंद्रहास साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी संकेतकडे, संकेतने फाईल उघडून बंद केली. चौथं खातं कुठलं, हे बाकीच्या दोघांना ठाऊक असणार आणि आपल्यालाच ठाऊक नाही, असा तिघांचाही चेहरा झाला.

"त्यांना आपलं पत्र गेलं होतं ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"गेलं असणार," संकेत म्हणाला. "जावक बघावं लागेल."

"त्यांचा माणूस कधी येणार, काका?" मॅडमनी विचारलं.

"साडेपाचला."

"अरे देवा," साहेब म्हणाले, "मग थांबायला हवं. त्यांच्याशिवाय उघडलं तर समन्वय कसला?"

आणि ते थांबले. लिडियाने तांदळाची भाकरी, केळ्याची भाजी आणि सुकटीची चटणी वाढली. संकेतने तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिघंही पडवीत पंख्याखाली गप्पा मारत बसले आणि फर्डिनंड मागच्या दारी घामाने भिजत उभा राहिला. साडेपाचला तो बांधाकडून धावत आला. "त्यांचा मानूस घाईत होता, किल्ली देऊन गेला," असं त्याने एका दमात सांगून टाकलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

दार वर गेलं. दोन महिन्यांचं काळं पाणी घुसळत, फेसाळत खाडीत निघालं आणि वासाने सगळे नाक दाबून मागे सरले. तासाभराने पाण्याचा रंग पालटला. ज्ञानदा मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, बघा, मिळून केलं की होतं," त्या म्हणाल्या, आणि फर्डिनंडला हो म्हणावं की नाही, कळेना.

आठवड्याने त्याच्या पत्त्यावर समितीचं पत्र आलं, 'चौथा विभाग यांचेकडे देण्यात यावे' असं वर लिहिलेलं. चौथ्या विभागाच्या सोयीनुसार पुढील वेळ कळवावी. लिडियाने ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता कोन कलवनार?" त्याने पोस्टकार्ड घेतलं, अमावास्येची तारीख आणि साडेपाचची वेळ लिहिली, आणि खाली सही न करता 'चौथा विभाग' एवढंच लिहिलं. अमावास्येला हिरवी जीप, पांढरी जीप आणि स्कूटर पाच वाजून वीस मिनिटांनी बांधावर हजर होती. स्वतःच्या खात्याला जी वेळ कधी पाळता आली नाही, ती तिघांनी त्या न पाहिलेल्या खात्यासाठी पाळली. ते त्या खात्याला घाबरले की त्या कुलुपाला, हे त्याने खूप डोकं खाजवून बघितलं, पण उलगडा झाला नाही.

विहिरीचा वास गेला. लिडिया ओंजळीतलं पाणी पिऊ लागली. पण फर्डिनंडला जेवण गोड लागेना. उपवासकाळ चालू होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो खोटं पोटात घेऊन ईस्टरकडे चालला होता. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तो फादर हिलरींकडे पापनिवेदनाला गेला आणि जाळीपलीकडे सगळं सांगून टाकलं.

 फादर म्हणाले, "त्यांना खरं सांगून टाक."

"सांगितलं तर चौथं कुलूप जाईल, फादर. मग परत साडेअकरा."

"पश्चात्ताप झालाय ना तुला?"

"तेच समजत नाय. खोटं बोललो त्याचा होतो. पानी गोड झालं त्याचा होत नाय. दोन्ही एकच तर हाय."

"पुन्हा करणार नाहीस, एवढं तरी कबूल कर. त्याशिवाय मला क्षमा देता येत नाही, फर्डिनंड."

फर्डिनंडने खाली मान घातली. त्याला फार वाटलं, की कबूल करावं. क्षमेशिवाय कम्युनियन, म्हणजे वेदीपुढची पवित्र भाकर, घेता येत नाही, आणि लहानपणापासून एकाही ईस्टरला त्याने ते चुकवलं नव्हतं; कावीळ झाली होती तेव्हासुद्धा बापाच्या खांद्याचा आधार घेऊन तो गेला होता.

"उद्या पुनव हाय, फादर," तो म्हणाला. "साडेपाचला." आणि क्षमेशिवाय उठला.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. प्रवचनानंतर फादर हिलरी पवित्र पाणी शिंपडत बाकांमधून निघाले. पाणी चर्चच्या विहिरीचं, आदल्या दिवशी आशीर्वाद दिलेलं. फर्डिनंडच्या बाकाशी ते थांबले, कुंचा पुन्हा एकदा बुडवला आणि इतक्या जोराने झटकला, की त्याचा सदरा पुढून भिजला. काही थेंब ओठांवर आले. त्याने जीभ फिरवली. खारटपणाचा लवलेश नव्हता.

"एवढं पानी?" लिडिया पुटपुटली.

मग कम्युनियनची वेळ झाली. बाक उठू लागले. लिडिया उभी राहिली आणि तो उठत नाही हे बघून थबकली. त्याने मान हलवली. तिने त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने पुसलं नाही, कारण चेहरा तसाही ओलाच होता. खिशात किल्ली होती. पुढची अमावास्या बारा एप्रिलला, शुक्रवारी होती. त्याने पाय आत घेतले आणि बाकावरच्या बाकीच्यांना पुढे जायला वाट करून दिली.