सोळा नंबरचं तळघर

कादंबरी अंगणात गुडघे टेकून ट्यूलिपचे कंद लावत होती आणि हिमानी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत होती. ऑक्टोबरात लावलेला कंद एप्रिलमध्ये फुलतो. एप्रिलमध्ये कादंबरीचं घर जागेवर असणार होतं. हिमानीच्या घराचं काही खरं नव्हतं.

दोन्ही घरं एकाच बिल्डरनं, एकाच वर्षी बांधलेली. चौदा नंबर हिमानीचं, सोळा कादंबरीचं. न्यू जर्सीतल्या त्या लहानशा गावानं स्टेशनजवळचा भाग पाडून तिथे दुकानं आणि उंच इमारती उभ्या करायचं ठरवलं, आणि नकाशावरची रेघ नेमकी या दोन घरांच्या मधून गेली. चौदापर्यंतची घरं ‘ब्लाइटेड’, म्हणजे मोडकळीला आलेली. ती घरं टाउनशिप, म्हणजे गावची नगरपालिका, सक्तीनं विकत घेणार. सोळापासून पुढची ठणठणीत.

आणि हे मोडकळीचं हिमानीनं स्वतःच्याच तोंडानं सांगितलं होतं. मार्चमध्ये टाउनशिपचा माणूस पाहणीला आला तेव्हा तिनं त्याला आत घेतलं, चहा केला, सोबत चकली ठेवली. पुण्यात महापालिकेचं कुणी दारात आलं की आई जे करायची तेच तिनं केलं: माणूस तावडीत सापडलाय तोवर सगळ्या तक्रारी सांगून घेतल्या. तळघराच्या भिंतीला भेग आहे, पावसात ओल येते, कोपऱ्यावरचं गटार तुंबतं. तो भराभरा लिहून घेत होता. आता काम होणार, या आनंदात तिनं त्याला आणखी दोन चकल्या वाढल्या.

इथेच, जवळच्या एडिसनमध्ये जन्मलेल्या कादंबरीनं दारच उघडलं नव्हतं.

“वॉरंट आहे का विचारलं, गेला तो,” ती नंतर हसत सांगत होती. “आणि तू चहा दिलास? सीरियसली, यार?”

ते हसणं हिमानीच्या मनात रुतून बसलं. तिची पाच वर्षांची मुलगी सिया आत्ता कुठे किंडरगार्टनला रुळली होती. पहिले तीन आठवडे ती स्कूलबसच्या पायरीवर हमसून रडायची. घर गेलं की शाळा पुन्हा नवी. तिचा नवरा प्रसन्न म्हणायचा, “भाव बरा देतायत. मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला ट्रान्सफर मागतो. घरंच आहेत ती, हिमानी.” पण बसच्या पायरीशी तो कधी उभा राहिला नव्हता.

कादंबरी मात्र किचनच्या टाइल्सचे नमुने घेऊन यायची. “हिरव्या की क्रीम?” हिमानी “हिरव्या” म्हणायची, आणि क्रीमच जास्त शोभतील हे मनात ठेवायची.

नोव्हेंबरात सुनावणी लागली. प्रसन्नला ऑफिसातून निघता येईना, म्हणून कादंबरीच हिमानी आणि सियाला गाडीनं घेऊन गेली. काय बोलायचं तेही तिनं लिहून दिलं होतं: मुलीची शाळा, आम्हाला घर विकायचं नाही. “एवढंच वाच. बाकी काही एक्स्प्लेन करू नकोस,” तिनं बजावलं, आणि सियाला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली.

माइकपुढे प्रत्येकाला तीन मिनिटं. हिमानीनं दोन ओळी वाचल्या. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. चौदा लाल, सोळा हिरवं. तिनं मागे वळून पाहिलं. सिया कादंबरीच्या खांद्यावर डोकं टाकून निवांत पेंगत होती.

हिमानीनं कागदाची घडी घातली. “माझ्या घरात जे आहे ते शेजारच्या घरातही आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “तळघरात तीच भेग, तशीच ओल. मी पाहिलीय. संक्रांतीला खुर्च्या आणायला खाली गेले होते.”

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. “घर नंबर काय म्हणालात?”

दोन्ही घरं सारखीच, मग एकच कसं मोडकं, हा आपला मुद्दा होता, असं ती पुढे प्रसन्नला सांगणार होती. पण त्या क्षणी मुद्दाबिद्दा काही सुचलं नव्हतं. रेघेच्या या बाजूला तिला कादंबरी हवी होती.

“सोळा,” ती म्हणाली. बाईंच्या शेजारचा माणूस लिहू लागला.

परतताना कादंबरीनं सियाचा पट्टा नीट लावून दिला. दोन सिग्नल गेल्यावर हिमानीनं सुरुवात केली.

“मी एवढंच म्हणत होते की दोन्ही घरं...”

“आय नो, तू काय म्हणत होतीस ते.” कादंबरीचा आवाज चढला नाही. “आता ते येतील. आता मला दार उघडावं लागेल.”

“कादंबरीमावशी, डिड वी विन?” मागून सियानं विचारलं.

जानेवारीत टाउनशिपचं जाड पाकीट आलं. हिमानीनं कोट न काढता, दारातच ते फाडलं आणि नकाशा उलगडला. सोळा लाल झालं होतं. कित्येक महिन्यांनी तिच्या छातीवरचं काहीतरी सैल झालं.

“आणि आपलं?” जिन्यावरून प्रसन्ननं विचारलं.

ते तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं पुन्हा खाली नजर नेली. तेही लालच होतं.